आधी पाण्याची वाट शोधा

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

आपल्या दैनिकात रस्त्यांवरच्या खड्ड्यांविषयी नेहमी लिहून येते, छायाचित्रे छापली जातात, आणि ते योग्यच आहे. पण रस्ता संपून एखाद्या व्यापारी संकुलाचे फाटक लागले, की तिथून दुकानाच्या, दवाखान्याच्या किंवा कार्यालयाच्या दारापर्यंत जो काँक्रीटचा चालायचा पट्टा असतो, त्याची बातमी कधी होत नाही. जागा खाजगी मालकीची, त्यामुळे सार्वजनिक तक्रार तिथवर पोचत नाही. आणि ये-जा सगळ्या जगाची, त्यामुळे आतल्या कुणालाच ती आपल्या अंगणासारखी वाटत नाही. मी एकतीस वर्षे अशा इमारतींच्या देखभालीची पर्यवेक्षक म्हणून काम केले. निवृत्त होऊन काही काळ लोटला, तरी चालताना नजर खालीच असते. म्हणून हे पत्र. जरा लांबले आहे, पण कृपया छापावे.

दोन वर्षांपूर्वी माझी थोरली बहीण अशाच एका पट्ट्यावर पडली. औषधे घेऊन ती दुकानातून बाहेर निघाली होती. अंधार नव्हता, पाऊस नव्हता, तिला घाईही नव्हती. पट्ट्यातल्या दोन स्लॅबच्या, म्हणजे काँक्रीटच्या सलग तुकड्यांच्या, सांध्यावर चपलेचे टोक अडकले आणि ती हातावर आली. उजवे मनगट मोडले. भेटायला येणारा प्रत्येक जण तिला म्हणे, "ताई, जरा खाली बघून चालायचं ना!" आणि ताईही ते खरे मानून आठवडाभर स्वतःलाच दोष देत राहिली. मला ते सहन होईना. मी स्टीलची पट्टी आणि लहान लेव्हल पिशवीत टाकली आणि त्या जागेवर गेले.

एक स्लॅब दुसऱ्यापेक्षा १९ मिलिमीटर खाली गेला होता. अंगठ्याच्या रुंदीएवढा म्हणा. आता यात काय एवढे, असे वाटेल. पण माणूस चालताना पाय पुढे टाकतो, तेव्हा पावलाचे टोक जमिनीपासून फार वर नसते. सपाट जागी ते साधारण एक ते दीड सेंटीमीटरच उचललेले असते. शरीर काटकसरीने चालते, लागेल तेवढेच पाऊल उचलते. वय वाढले, गुडघे दुखू लागले किंवा हातात पिशव्या असल्या, की त्यातही कधीकधी पाऊल नेहमीपेक्षा खाली राहते. म्हणजे १९ मिलिमीटरच्या कडेला अडखळणे हा निष्काळजीपणा नव्हे. चालणाऱ्याने जमिनीवर जो भरवसा ठेवलेला असतो, तो तिथे मोडलेला असतो. अमेरिकेत अपंगांच्या सोयीसाठी जे बांधकामाचे निकष आहेत, त्यात हाच हिशेब अगदी काटेकोर मांडलेला आहे: साधारण ६ मिलिमीटरपर्यंतचा उभा फरक चालतो, ६ ते १३ मिलिमीटरच्या फरकाला कड तासून उतार द्यावा लागतो, आणि त्याहून जास्त फरक असेल तर तिथे रॅम्पसारखा उतारच करावा लागतो. हे आकडे व्हीलचेअरची पुढची लहान चाके, कुबडीचे टोक आणि अडखळणारे पाऊल लक्षात घेतले तर सहज पटतात. सामान वाहणाऱ्या हातगाडीचे चाकही अशाच कडेला अडते आणि वरची खोकी पुढे कोसळतात. ते मी कितीतरी वेळा पाहिले आहे.

मी तिथल्या व्यवस्थापकांना भेटले. माणूस सभ्य होता. त्यांनी ताईची चौकशी केली, वाईट वाटल्याचे सांगितले आणि म्हणाले, "मॅडम, आम्ही तिथे लगेच पिवळा पट्टा मारून घेतो." पट्टा खरोखर दुसऱ्या दिवशी मारला गेला. महिनाभराने कुणीतरी सांध्यावर सिमेंटचा उतरता लेप देऊन कड बुजवली. चार महिन्यांनी तो लेप पापुद्रे होऊन उडाला आणि खाली तीच कड, आता अर्धवट पिवळी, पुन्हा दिसू लागली. मध्ये मोजली तेव्हा ती २३ मिलिमीटर झाली होती.

हे सगळे सविस्तर सांगते आहे, कारण जवळजवळ सगळीकडे हेच होते. रंग, मग लेप, मग पुन्हा रंग. आणि तो स्लॅब खाली का जातो आहे, हे कुणी विचारत नाही.

त्या जागी उत्तर शोधायला दोन मिनिटेही लागली नाहीत. मान वर केली की दिसत होते. गच्चीवरचे पाणी आणणारा पाइप भिंतीवरून खाली येऊन त्या स्लॅबच्या काठाशी मोकळा सुटला होता. प्रत्येक पावसात सगळ्या गच्चीचे पाणी एका जागी जोराने पडत होते, स्लॅब आणि भिंत यांच्यामधल्या फटीतून खाली शिरत होते आणि खालची माती, बारीक कच थोडी थोडी वाहून नेत होते. काँक्रीट वरून धडधाकट दिसते, पण ते स्वतः काही तोलत नाही. आपला भार फक्त खालच्या भरावावर पसरवते. दीड मीटर लांब, दीड मीटर रुंद आणि १०० मिलिमीटर जाड स्लॅबचे वजन पाचशे किलोच्या वर भरते. खाली पोकळी झाली, की एवढे वजन एका कोपऱ्यावर लोंबकळू लागते. मग तो एक तर बसतो किंवा तडकतो. काँक्रीट दाबाला भक्कम असते, ताणाला मात्र त्याच्या साधारण एक दशांशच टिकते. आधार गेलेल्या स्लॅबच्या एका बाजूला ताण येणारच, आणि तिथून भेग सुरू होणार.

म्हणून माझे सांगणे इतकेच आहे, की पट्ट्याची दुरुस्ती पाण्यापासून सुरू करा. भेग दिसली की भेग बुजवायची, कड दिसली की कड लिंपायची, ही सवय सोडा. आधी पाणी कुठून येते आणि कुठे जाते ते बघा. पाइपाचे तोंड लांब न्या, त्याला गटारात सोडा. बागेला पाणी देणाऱ्या नळ्या पट्ट्याच्या काठाला भिजवत असतील तर त्या सरकवा. वातानुकूलन यंत्रातून ठिबकणारे पाणी हे तर सगळ्यांच्या नजरेसमोर असते आणि कुणाच्याच लक्षात येत नाही: वर्षानुवर्षे एकाच जागी थेंब थेंब, तिथे आधी शेवाळ, मग पृष्ठभाग खडबडीत, मग खालची खडी उघडी. पट्ट्याला इमारतीपासून बाहेरच्या बाजूला ढाळ हवा, एका मीटरला साधारण एक ते दोन सेंटीमीटर. कमी दिला तर पाणी थांबते. जास्त दिला तर व्हीलचेअर उताराकडे ओढली जाते आणि बसलेल्या माणसाला एकाच हाताने जोर लावत चालावे लागते. त्यामुळे "पाणी जाऊ दे, भरपूर ढाळ द्या" असे म्हणणाऱ्या ठेकेदारालाही थांबवावे लागते.

तो सिमेंटचा लेप का उडाला, तेही सांगते, कारण ही चूक मी स्वतः केली आहे. नोकरीच्या पहिल्या वर्षांत एका कार्यालयाच्या इमारतीसमोर अशीच कड होती. मी गवंड्याला लेप द्यायला सांगितला, त्याने छान घोटून दिला आणि मी बिलावर सही केली. वर्ष सरायच्या आत एक वृद्ध गृहस्थ सुटलेल्या त्या पापुद्र्यावरूनच घसरले. सुदैवाने त्यांना फार लागले नाही, पण मला ते आजही आठवते. त्या वेळी एका जुन्या मिस्त्रीने मला छिन्नीने तो लेप उचलून दाखवला. एका टोकाला तो बोटभर जाड होता आणि दुसऱ्या टोकाला कागदासारखा. "ताई, माल शून्यावर आणला की तो मरतो," एवढेच तो म्हणाला. सिमेंटच्या मालाला किमान जाडी लागते. कागदाएवढ्या थरातले पाणी उन्हाने आणि खालच्या कोरड्या काँक्रीटने लगेच शोषले जाते, सिमेंट पुरते घट्ट होत नाही, आणि पहिल्या चाकाबरोबर तो थर सुटतो. बरोबर रीत अशी, की दुरुस्तीच्या जागेच्या कडा यंत्राने उभ्या कापायच्या, आतला पोचट भाग घट्ट काँक्रीट लागेपर्यंत काढायचा, धूळ पूर्ण धुऊन काढायची, जुने काँक्रीट आतून ओले पण वरून पाणी नसलेले ठेवायचे, आणि मगच दुरुस्तीचा माल दाबून भरायचा. त्यानंतर त्यालाही पाणी मारायचे. लहान ठिगळ आहे म्हणून पाणी मारायचे राहिले, असे मी किती वेळा ऐकले आहे!

पण खचलेल्या स्लॅबला ठिगळ हा उपायच नाही. फरक थोडा असेल आणि स्लॅब आता स्थिर असेल, तर वरची कड ग्राइंडरने तासून सौम्य उतार करता येतो. कामाला फार वेळ लागत नाही आणि लगेच वापरता येते. मात्र तासलेली जागा गुळगुळीत राहता कामा नये, आणि तासताना उडणारी धूळ फुप्फुसाला घातक असते. काम करणाऱ्याला मुखपट्टी आणि पाण्याची धार दिल्याशिवाय ते काम सुरू करू देऊ नये. फरक मोठा असेल पण स्लॅब अखंड असेल, तर त्याला भोके पाडून खाली सिमेंटमिश्रित घोळ किंवा फुगणारा फोम दाबाने भरतात आणि स्लॅब हळूहळू मूळ पातळीला उचलतात. हे काम चांगले होते, फक्त पाण्याची वाट आधी बंद केलेली हवी. नाहीतर नवा भरावही त्याच वाटेने कमकुवत होतो. आणि स्लॅबचे चार तुकडे झाले असतील, तर तो काढून नवा घालावा. तुकड्यांवर फरशी चिकटवून ते झाकू नये. खालची भेग वरच्या फरशीतून काही महिन्यांत बाहेर येते, आणि बाहेरच्या जागी चकचकीत फरशी ओली झाली की काय होते ते सांगायला नको.

झाडांबद्दल एक विनंती. मुळांनी स्लॅब उचलला, की पहिले वाक्य कानावर येते, "झाड काढा." मुळे काँक्रीटशी वैर म्हणून तिथे येत नाहीत. स्लॅबखाली ओल टिकते आणि सैल भरावात हवा असते, त्यासाठी ती येतात. खोडाभोवती मोकळी जागा वाढवा, पट्ट्याला तिथे थोडे वळण द्या, त्या भागापुरते काढता येणारे पेव्हर ब्लॉक बसवा. जाड मुळे सरसकट कापली, तर झाड वाऱ्यात उन्मळण्याचा धोका उलट वाढतो. मी दोन मोठी झाडे अशी वाचवलेली पाहिली आहेत आणि त्यांच्या सावलीतला पट्टा आजही सपाट आहे.

सांध्यांविषयी लिहिल्याशिवाय पुढे जाववत नाही. पट्ट्यावर ठराविक अंतराने ज्या सरळ रेघा दिसतात, त्या शोभेसाठी आहेत असे बहुतेकांना वाटते. काँक्रीट वाळताना आकसते. ते आकसणे कुठेतरी भेग पाडणारच. ती वेडीवाकडी पडण्यापेक्षा आपण सांगू तिथे सरळ पडावी, म्हणून आधीच कमकुवत रेघ करून ठेवायची, हा त्यामागचा विचार. तिची खोली स्लॅबच्या जाडीच्या किमान पाव हिस्सा हवी आणि दोन रेघांमधले अंतर जाडीच्या चोवीस ते तीस पटींच्या आत. १०० मिलिमीटर जाडीला ते अंतर अडीच-तीन मीटर होते, आणि तुकडा शक्यतो चौकोनी हवा, पट्टीसारखा लांबुळका नको. रेघ यंत्राने कापायची असेल तर काँक्रीट घातले त्याच दिवशी, फार तर दुसऱ्या सकाळी. "यंत्र परवा येणार आहे" असे म्हणणाऱ्याच्या कामात परवापर्यंत भेगा आपली जागा निवडून मोकळ्या झालेल्या असतात.

दुसरा सांधा असतो तो पट्टा आणि इमारतीची भिंत, खांब किंवा पायऱ्या यांच्यामधला. इथे दोघांना पूर्ण सुटे ठेवायचे असते. काँक्रीट तापले की लांबते: ३० मीटर लांबीच्या पट्ट्याचे तापमान ३० अंशांनी वाढले तर तो साधारण ९ मिलिमीटर लांब होऊ पाहतो. त्याला जागा नसेल तर तो भिंतीला ढकलतो, कडा फोडतो किंवा सांध्यावर उचलला जातो. म्हणून मध्ये मऊ भराव घालून वरून लवचीक सीलंट, म्हणजे फट बंद करणारा रबरासारखा माल, भरतात. हा सीलंट म्हणजे पट्ट्याचा खरा पहारेकरी, कारण पाणी खाली जाण्याची सगळ्यात सोपी वाट तोच अडवतो. आणि देखभालीच्या यादीत तोच नसतो. उन्हाने तो कडक होतो, एका बाजूने सुटतो, त्यात खडे अडकतात, मग त्यात गवत उगवते. गवत उगवलेला सांधा पाहिला की समजावे, तिथून पाणी कधीपासून खाली जात आहे. जुना सीलंट पूर्ण खरवडून काढावा, सांधा कोरडा आणि स्वच्छ करावा, तळाला फोमची गोल दोरी दाबावी आणि वर नवा सीलंट भरावा. त्या दोरीमुळे सीलंट तळाला चिकटत नाही, फक्त दोन्ही कडांना धरतो आणि रबरासारखा ताणला जाऊ शकतो. हे अर्ध्या दिवसाचे काम असते. सांध्यात सिमेंट भरणे हे मात्र काम नव्हे, नुकसान आहे. हलण्यासाठी सोडलेली जागाच त्याने बंद होते.

नवा स्लॅब घालताना सगळे बिघडते ते पाण्यानेच, फक्त या वेळी ते पाणी मालात असते. माल जरा घट्ट असला की पसरवायला जड जातो, म्हणून बिगारी बादलीभर पाणी ओततो. त्याच्या कंबरेचा विचार केला तर त्याला दोष देववत नाही. पण सिमेंटला रासायनिक क्रियेसाठी स्वतःच्या वजनाच्या साधारण पाव पट पाणी पुरते. काम करता यावे म्हणून त्याहून काही जास्त घालावेच लागते, आणि त्यापुढचे प्रत्येक पाणी वाळून गेल्यावर मागे सूक्ष्म पोकळ्या ठेवते. सिमेंटच्या मानाने पाण्याचे प्रमाण वाढले की ताकद घटते, हे डफ एब्रम्स या संशोधकाने १९१८ साली मांडले. त्याला शंभरहून जास्त वर्षे झाली आणि बादली अजून थांबलेली नाही. माल सैल हवा असेल तर त्यासाठी मिसळायची द्रव्ये मिळतात. त्यानंतर किमान सात दिवस ओल टिकवणे. गोणपाट पसरून ते ओले ठेवा, प्लास्टिक अंथरा, काहीही करा, पण पहिल्या सात दिवसांची ओल पुढच्या वीस वर्षांत कुठल्याही खर्चाने परत मिळत नाही. दुकाने उघडायची म्हणून दुसऱ्या दिवशी त्यावरून सामानाच्या गाड्या जाऊ दिलेल्या मी पाहिल्या आहेत. आणि जिथून मालवाहू गाडी पट्टा ओलांडणार आहे, तिथे १०० मिलिमीटर जाडी पुरत नाही. १५० तरी हवी आणि खालचा भराव नीट धुमस करून बसवलेला हवा. पट्टा चालण्यासाठी केला आणि टेम्पो त्यावर चढवला, तर भेगांसाठी गवंड्याला बोल लावू नये.

वरचा पृष्ठभाग झाडूने ओढून किंचित खरखरीत ठेवावा, रेषा चालण्याच्या दिशेला आडव्या. घोटून आरशासारखा केलेला पट्टा फोटोत सुंदर दिसतो आणि पहिल्या सरीला माणसे पाडतो. काही ठिकाणी डाग काढायला आम्ल वापरतात. काँक्रीट अल्कधर्मी असते, आम्ल डागाबरोबर सिमेंटही खाते. दोन-तीनदा केले की वाळू मोकळी होते आणि रोज झाडल्यावर धूळ निघत राहते. साधा साबण, ब्रश आणि पाणी बहुतेक डागांना पुरते. तेल सांडले तर त्यावर लगेच शोषणारी भुकटी टाकावी. जिथे बर्फ पडतो तिथला त्रास निराळा: आत शिरलेले पाणी गोठताना साधारण ९ टक्के फुगते आणि वरचा थर पोपड्यांसारखा सुटतो. तिथे मालात मुद्दाम सूक्ष्म हवेचे बुडबुडे राखावे लागतात, बर्फ वितळवणारे मीठ नव्या काँक्रीटवर टाकायचे नसते. पाणी आत जाऊ न देणारे पण वाफ बाहेर पडू देणारे सिलेनसारखे लेपन दर काही वर्षांनी दिले, तर दोन्ही प्रकारच्या हवेत उपयोग होतो. मात्र ते भेगांवरचा इलाज नव्हे.

अंध व्यक्तींसाठी पट्ट्यावर बसवलेल्या उठावाच्या फरश्या हाही देखभालीचाच विषय आहे. जपानच्या सेइइची मियाके यांनी १९६५ साली ही कल्पना काढली आणि १९६७ मध्ये ओकायामा शहरात त्या पहिल्यांदा बसवल्या गेल्या. उभ्या रेषा म्हणजे पुढे चला, ठिपके म्हणजे थांबा. एखादी फरशी फुटली, की हाताशी असेल ती दुसरी तिथे बसवली जाते, ठिपक्यांच्या जागी रेषा. पाहणाऱ्याला फरक दिसत नाही. ज्याला पायाने आणि काठीने वाचायचे आहे, त्याला मात्र चुकीची सूचना मिळते, आणि तीही बहुधा पायरीच्या तोंडाशी. शिवाय या रेषांवर कुंड्या आणि जाहिरातीचे फलक मांडले जातात. ते उचलायला तर सिमेंटही लागत नाही.

पाहणी कशी करावी, तेही थोडक्यात. सगळ्यात आधी, जे रोज झाडतात त्यांना विचारा. एका इमारतीत आमच्या झाडणाऱ्या मावशींना प्रत्येक स्लॅब पाठ होता. कुठे पाणी साचते, कुठे झाडू अडतो, कुठला तुकडा पाय ठेवला की हलतो. हलणारा स्लॅब तर त्या कुठल्याही यंत्राआधी सांगत. त्यांना कधी कुणी विचारले नव्हते. मी विचारायला लागले आणि माझे निम्मे काम त्यांनी केले. नंतर मी त्यांच्याच हातात खडू दिला. साचलेल्या पाण्याच्या कडेने त्या रेघ ओढत आणि पाणी वाळल्यावरही जागा कळे. मोठा पाऊस थांबल्यावर अर्ध्या तासाने फेरी मारावी, पाणी स्वतःच सगळे दाखवते. हातोडीने हलके ठोकत जावे: खणखणीत आवाज आला तर ठीक, भद्द आवाज आला तर खाली पोकळी आहे किंवा थर सुटला आहे. कड पट्टीने मोजून वहीत तारीख आणि आकडा लिहावा. तीन महिन्यांनी पुन्हा मोजावे. आकडा तोच असेल तर तो जुना दोष, तासून मिटेल. आकडा वाढत असेल तर खाली काहीतरी चालू आहे आणि ते आधी शोधायला हवे. भेगेच्या दोन्ही बाजूंना पेन्सिलीने खुणा करून त्यांच्यातले अंतर मोजत राहणे, एवढ्या साध्या गोष्टीवर मी मोठमोठे निर्णय घेतले आहेत.

आणि ही वही कुणाची, हे ठरलेले हवे. मालक म्हणतो भाडेकरूने बघावे, दुकानदार म्हणतो देखभाल शुल्क आम्ही भरतो, देखभालवाली कंपनी म्हणते आमच्या करारात फक्त साफसफाई आहे. ताईच्या बाबतीत हे तिन्ही मी एकाच दुपारी ऐकले. भाडेकरारात आणि देखभालीच्या करारात "बाहेरचा चालण्याचा पट्टा" असे स्वच्छ शब्द घाला, किती मिलिमीटर फरकाला किती दिवसांत काम करायचे ते लिहा, आणि काम होईपर्यंत जागा अडवून पर्यायी वाट कोण देणार तेही लिहा. पिवळा पट्टा त्या मधल्या दिवसांपुरता ठीक आहे. तो दोन वर्षे तिथे असेल, तर धोका ठाऊक होता आणि काही केले नाही, याचीच ती लेखी नोंद होते.

ताईचे मनगट जुळले, पण पाण्याचा तांब्या अजून ती दोन्ही हातांनी उचलते. त्या दुकानात जाणे तिने सोडले आहे. गेल्या महिन्यात मी एकटीच तिथे जाऊन आले. माझ्या चार पत्रांनंतर व्यवस्थापकांनी तो स्लॅब काढून नवा घातला आहे, सांधा सरळ आहे, सीलंट भरला आहे, झाडूची खरखरही बरोबर आडवी दिली आहे. पट्टी ठेवून पाहिली, फरक दोन मिलिमीटरही नाही. मला मनापासून बरे वाटले आणि मी त्यांना तसे जाऊन सांगितलेही. गच्चीचा पाइप मात्र अजून त्याच जागी मोकळा सुटतो आहे. त्याचे तोंड गटारापर्यंत न्यायला जेमतेम तीन मीटर पाइप लागेल. पाचवे पत्र त्याबद्दलचे आहे. ते मी कालच दिले.

आपली विश्वासू,
एक निवृत्त देखभाल पर्यवेक्षक